पावसाळ्यात पाइप ऑर्गनचा सूर लागून राहतो : कुठे बघायचं आणि काय करायचं

मागच्या जूनमधला रविवार. रात्रभर पाऊस कोसळून पहाटे जरा उघडीप झाली होती. साडेआठला फोन वाजला आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाई बोलायच्या आधीच मला सूर ऐकू आला. मध्य सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे डावीकडून पाचवी पांढरी कळ, एकसारखी, श्वास न घेणारी. “दादा, परत लागला,” बाई म्हणाल्या. “नऊला उपासना आहे, लोक यायला लागलेत.”

दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या चर्चमधला हा ऑर्गन. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात बनून बोटीने आला. हातांसाठी दोन कळफलक, पायांसाठी एक, आणि कळीपासून पाइपापर्यंतचं सगळं काम लाकडी कांड्यांवर आणि तरफांवर. वीज लागते ती फक्त हवा भरणाऱ्या ब्लोअरला. आमचा घरचा धंदा पेटीदुरुस्तीचा. वडिलांच्या हाताखाली हातपेट्या आणि संगीत नाटकवाल्यांचे पायाचे ऑर्गन उघडत मी वाढलो. सोळा वर्षांपूर्वी या चर्चने विचारलं, तेव्हा पाइप ऑर्गनच्या पोटात पहिल्यांदा शिरलो.

बोट उचललं तरी सूर वाजत राहतो, याला इंग्रज कारागीर सायफर म्हणतात. आम्ही ‘सूर लागला’ म्हणतो. हातपेटीत हा दोष दोन मिनिटांत सापडतो, कारण पट्टी आणि सूर यांच्यात वीतभर अंतर. पाइप ऑर्गनमध्ये तेच अंतर सात-आठ हात होतं आणि मध्ये डझनभर सांधे येतात. म्हणून माणसं चुकीच्या जागी हात घालतात, बरं झालं असं वाटतं, आणि पुढच्या जूनला तोच सूर परत लागतो. आमच्याकडे हे दर वर्षी व्हायचं. त्याचं मूळ सापडायला मला बरीच वर्षं लागली. दुसऱ्या कुणाची तेवढी जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितो आहे.

उपासना तोंडावर असेल तर

फोनवर मी बाईंना आधी कपलर काढायला सांगितला. कपलर म्हणजे एक कळफलक दुसऱ्याला जोडणारी सोय. तो काढल्यावर सूर थांबला तर दोष दुसऱ्या कळफलकात किंवा कपलरच्या जोडणीत असतो. सूर थांबला नाही. मग म्हटलं, ती कळ नखाने खालून अलगद वर उचला. “उचलली, पण सूर चालूच आहे. आणि कळ लुळी पडल्यासारखी झालीय, खाली काही ताणच लागत नाही.”

या एका उत्तरात अर्धं निदान झालं. उचलल्यावर सूर थांबत असता तर कळच कुठेतरी घासून अडकली होती. कळ लुळी आणि सूर चालू, याचा अर्थ कळ आपल्या जागी परत आली, पण वर पाइपांखालच्या हवापेटीतली झडप बंद झालेली नाही. ती कळ तीन-चारदा झटक्यात दाबून सोडायला सांगितली. कधीकधी एवढ्यानेच झडप सुटते. त्या दिवशी सुटली नाही.

घड्याळात नऊला वीस मिनिटं होती. अशा वेळी आत शिरू नये. दोन कळफलकांच्या हवापेट्या वेगवेगळ्या असतात, म्हणून खालच्या कळफलकाचे सगळे स्टॉप, म्हणजे पाइपांच्या ओळी चालू-बंद करणाऱ्या खुंट्या, बंद करायचे, कपलर काढलेलाच ठेवायचा आणि पूर्ण उपासना वरच्या कळफलकावर निभवायची. आवाज थोडा कमी पडतो, पण मंडळी गायला लागली की कुणाला जाणवत नाही. ऑर्गनला एकच कळफलक असेल, तर त्या सुराचा जो पाइप वाजतोय त्याच्या तोंडावर कागदाची रुंद पट्टी टेकवली की पाइप गप्प बसतो. पाइपाला उघडा हात लावू नका. शिसं-कथिलाचा पत्रा इतका मऊ असतो की बोटाच्या दाबाने वाकतो, आणि हाताच्या उबेने त्याचा सूर तेवढ्यापुरता चढतो.

कळीपासून पाइपापर्यंत

दोष शोधायचा तर रस्ता डोळ्यांसमोर हवा. कळ दाबली की तिच्यामागची पाइनच्या लाकडाची पातळ, बोटापेक्षा अरुंद कांडी ओढली जाते. तिला ट्रॅकर म्हणतात. ट्रॅकर तरफेला ओढतो, तरफ रोलर नावाच्या आडव्या दांडीला फिरवते, आणि शेवटी पितळेची एक बारीक तार हवापेटीच्या तळातल्या भोकातून खाली खेचली जाते. ही तार झडपेला अडकवलेली असते. झडप म्हणजे लाकडाची लांबट पट्टी, वरच्या अंगाला मेंढीचं मऊ चामडं लावलेली. ती उघडली की दाबाखालची हवा त्या कळीच्या चरात शिरते. एका चरावर एकाच सुराचे सगळे पाइप उभे असतात, बासरीच्या आवाजाचा, तुतारीच्या आवाजाचा, लहान, मोठा. त्यांपैकी कुठले वाजायचे हे स्टॉपची खुंटी ठरवते. खुंटी ओढली की पाइपांच्या बुडाशी असलेली भोकांची लांब सरकपट्टी सरकते आणि भोकावर भोक येतं.

म्हणजे सूर मूळ झडपेशी लागला असेल, तर जो जो स्टॉप ओढाल त्या प्रत्येकात तो वाजेल. आमच्याकडे तसंच होत होतं. याउलट एक सूर वाजवताना शेजारचा सूर कण्हल्यासारखा बारीक येत असेल तर तो सायफर नाही. तिथे हवा एका चरातून दुसऱ्यात झिरपते आहे, आणि त्याचा इलाज वेगळा.

या यंत्रातली सर्वांत जुनी अडचण झडप उघडण्याची नाही, ती परत बंद करण्याची आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिअसने पाण्याच्या वजनाने हवेचा दाब स्थिर ठेवणारा पहिला ऑर्गन बनवला. त्याची रचना पुढे हेरॉनने लिहून ठेवली. तिच्यात कळ मागे आणायला शिंगाची वाकवलेली पट्टी आहे, तातीने जोडलेली. बुडापेस्टमधल्या अक्विंकम इथे १९३१ साली एका रोमन ऑर्गनचे अवशेष सापडले. त्याच्या पाटीवरच्या मजकुरावरून त्याचं साल इसवी सन २२८ ठरतं. पाइप ५२, तेरा-तेराच्या चार ओळींत, आणि ओळ चालू-बंद करायला सरकपट्ट्या. आज खुंटी ओढताना आपण तेच करतो, हे मला दर वेळी नव्याने वाटतं. बायझंटाइन सम्राटाने ७५७ साली फ्रँकांच्या पेपिन राजाला ऑर्गन भेट पाठवला आणि पश्चिम युरोपात हे वाद्य पुन्हा पोचलं. पण मध्ययुगातल्या कितीतरी ऑर्गनांना स्प्रिंगच नव्हती. वाजवणारा लाकडी पट्टी हाताने बाहेर ओढायचा आणि हातानेच आत ढकलायचा. स्प्रिंगची झडप रुळली तेव्हा कुठे बोटांनी वाजवता येईल असं हे वाद्य झालं.

स्प्रिंगचं गणित मात्र फार नाजूक असतं. आमच्या ऑर्गनमध्ये हवेचा दाब पाण्याच्या साधारण ७५ मिलिमीटर उंचीएवढा आहे, बहुतेक चर्च-ऑर्गनांत ५० ते १०० च्या दरम्यान असतो. हा दाबच झडपेला वर दाबून धरतो आणि स्प्रिंग फक्त मदत करते. स्प्रिंग कडक केली तर कळ जड होते, कपलर लावल्यावर दुप्पट जड. मोठ्या ऑर्गनांत हे इतकं वाढलं की बार्कर या इंग्रज कारागिराने छोट्या भात्यांचा मदतनीस तयार केला आणि फ्रेंच ऑर्गनकार काव्हाये-कोलने तो १८४१ साली पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या ऑर्गनमध्ये वापरला. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच, की साध्या ऑर्गनमध्ये झडप मिटवणारा जोर फार थोडा असतो. केसाएवढी अडचण आली की झडप उघडीच राहते. म्हणून ‘स्प्रिंग वाकवून कडक करा’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

त्या दुपारी काय सापडलं

उपासना संपल्यावर मी पोचलो. ब्लोअर बंद केला, भाता पूर्ण खाली बसू दिला आणि हवापेटीच्या पुढची फळी काढली. आत झडपा ओळीने दिसतात, प्रत्येकीखाली पितळी स्प्रिंग. पांढऱ्या पाचची झडप टॉर्चच्या उजेडात तांदळाच्या दाण्याएवढी खाली लोंबत होती.

सगळ्यात आधी कचरा बघायचा. झडप बोटाने आणखी खाली ओढायची, चामडं आणि चर यांच्यामध्ये कोऱ्या कागदाची पट्टी घालायची, झडप सोडायची आणि कागद हलकेच बाहेर ओढायचा. लाकडाचा भुसा, पत्र्याचा कीस, मेलेली मुंगी, काहीही निघू शकतं. दहापैकी चार-पाच वेळा काम इथेच होतं. त्या दिवशी कागद स्वच्छ आला.

मग स्प्रिंग चिमट्याने काढली आणि झडप तारेसकट खाली-वर करून पाहिली. तार अडखळत होती. हवापेटीच्या तळाला पितळेची लांब पट्टी असते आणि प्रत्येक तार तिच्यातल्या भोकातून जाते. भोक तारेपेक्षा जेमतेम मोठं, नाहीतर हवा सुसाट बाहेर पडेल. त्या भोकाच्या काठावर हिरवट राख जमली होती. गणपतीच्या आधी समई घासायला काढली की खाचेत दिसते, तशीच. समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्याची ओल मिळून पितळेवर हिरवं चढतं आणि तार धरून ठेवतं. उन्हाळ्यात ते कोरडं असतं, तार निसटते. जूनमध्ये फुगतं, तार अडते. मी वर्षानुवर्षं चामडं साफ करत होतो, दोष मात्र त्याच्या चार बोटं खाली होता.

तार काढून बाहेर आणली आणि स्पिरिटच्या फडक्याने, मग बारीक पॉलिश कागदाने घासली. हे काम ऑर्गनच्या आत करू नका, कीस झडपेवर पडतो. भोकात त्याच जाडीच्या दुसऱ्या तारेचा तुकडा बोटांत फिरवून हिरवं सोडवलं. भोक रुंद केलं नाही. तारेवर मऊ पेन्सिलचं शिसं चोळून ती परत बसवली. तेल कुठेही घालायचं नाही, शिवणयंत्राचंही नाही आणि डब्यातलं फवाऱ्याचंही नाही. त्यावर धूळ चिकटते, चामडं तेल पितं आणि दोन वर्षांनी सगळ्या तारा एकदम धरतात. माझ्या आधी कुणीतरी एका कोपऱ्यात तेल सोडलं होतं. तिथल्या सहा झडपांचं चामडं मला बदलावं लागलं.

कळ लुळी नसून घासत असेल, तर काम खाली आहे. कळीच्या मधल्या आणि पुढच्या पिनेभोवती लोकरी कापडाचं अस्तर असतं. ते ओलीने फुगतं आणि पिनेला आवळतं. चपट्या तोंडाच्या चिमट्याने ते अलगद दाबलं की कळ मोकळी होते, सुरीने तासायचं नाही. ट्रॅकरच्या टोकाला चामड्याचं बटण आट्यांच्या तारेवर फिरतं, त्याने कळीची उंची आणि ताण ठरतो. कळफलक एका रेषेत दिसत नाही म्हणून जुलैमध्ये सगळी बटणं फिरवत सुटलात, तर डिसेंबरात लाकूड सुकल्यावर अर्ध्या कळा ढिल्या पडतील. जी कळ खरोखर अडते तिचंच बटण, तेही अर्धा फेरा, आणि कुठल्या दिशेला फिरवलं ते लिहून ठेवायचं.

वहीने दाखवलेली गोष्ट

तारा साफ केल्या तर त्या वर्षापुरतं भागतं. दर जूनला त्याच तारा का धरतात, हा प्रश्न उरतोच.

पहिल्या वर्षापासून मी एक वही ऑर्गनच्या आत खिळ्याला टांगून ठेवली आहे. तारीख, कळफलक, सूर, काय केलं. मागच्या पावसाळ्यात ती सलग वाचायला बसलो. काळी एक, पांढरी पाच, काळी दोन, पांढरी सात, परत पांढरी पाच, पांढरी चार, पांढरी सहा. पांढरी एक, दोन, तीन कधीच नाही. काळी तीन, चार, पाचही नाही. पेटीवाल्याच्या डोळ्यांना यात काही अर्थ लागेना, कारण कळफलकावर हे सूर एकमेकांत मिसळलेले. मग उठून पाइपांकडे बघितलं आणि उलगडलं. या ऑर्गनमध्ये पाइप कळफलकाच्या क्रमाने उभे नाहीत. वजन सारखं पडावं आणि समोरून शोभावं म्हणून एक सूर डावीकडे, पुढचा अर्धा सूर उजवीकडे, असे ते वाटले आहेत. पांढरी एक, दोन, तीन, काळी तीन, चार, पाच डाव्या हवापेटीवर. बाकीचे सहा उजव्या. सोळा वर्षांतले सगळे लागलेले सूर एकाच बाजूचे होते.

उजवी हवापेटी पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे, मध्ये जेमतेम वीतभर फट. भिंतीला बाहेरून पावसाचा मारा. आत हात घातला तर चुना ओला लागला. त्याच आठवड्यात हवेतली ओल मोजणारे दोन साधे हायग्रोमीटर आणून डावी-उजवीकडे ठेवले. उजवीकडचा काटा सतत वर राहायचा. आणखी एक गोष्ट कळली. ब्लोअर सुरू केला की अर्ध्या तासात दोन्ही काटे चढायचे. ब्लोअर खालच्या अंधाऱ्या खोलीत आहे आणि तिथल्या फरशीला पावसाळ्यात पाझर फुटतो. म्हणजे दर रविवारी आम्ही त्या खोलीतली ओल नळाने उचलून नेमकी झडपांच्या कप्प्यात भरत होतो.

चर्चच्या समितीला मी हे वही उघडून दाखवलं. भिंतीची बाहेरची दुरुस्ती पावसाळ्यानंतर झाली. ब्लोअरचा हवा घेणारा नळ खालच्या खोलीतून काढून वर, ऑर्गन जिथे उभा आहे त्याच दालनातून घेतला. हा बदल सुताराच्या दोन दिवसांचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. ऑर्गन ज्या हवेत उभा आहे तीच हवा त्याने प्यावी. यामुळे सूरही बिघडत नाही. तापमान एक अंशाने वाढलं की ज्यांत थरथरणारी पितळी जीभ नसते त्या बिनजिभेच्या पाइपांचा सूर साधारण अर्ध्या सुराच्या तीन शतांशांनी चढतो, आणि जिभेचे पाइप जवळपास तिथेच राहतात. थंड तळघरातली हवा गरम दालनातल्या पाइपांत सोडली की दोघांची फारकत होते.

समितीतून एसी बसवण्याची सूचना आली होती. मी कळकळीने नको म्हटलं. एसी आठवडाभर अहोरात्र चालणार असेल तर गोष्ट वेगळी. रविवारी तीन तास लावून बंद करायचा असेल तर लाकडाला आठवड्यातून एकदा सुकवून परत भिजवल्यासारखं होतं. लाकूड तंतूंच्या लांबीने फारसं हलत नाही, रुंदीने हलतं, आणि हवापेटीचा पाट रुंद असतो. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता पन्नास टक्क्यांवर आणायचा हट्ट नको. दिवसभरात ती फार वर-खाली होऊ नये, एवढं जमवा. दार-खिडक्या कधी उघडायच्या याला शिस्त आणि ऑर्गनच्या मागे हळू चालणारा एक पंखा, यात बरंच साधतं.

दमट हवेत ऑर्गन टिकतच नाही असं म्हणणाऱ्यांना मी फिलिपिन्समधल्या लास पिन्यासचं उदाहरण देतो. तिथे फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात बांबूचा ऑर्गन बांधला. १०३१ पाइपांपैकी ९०२ बांबूचे. किडीपासून वाचवण्यासाठी बांबू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते. तुतारीच्या पाइपांना मात्र धातूच वापरला. १९७३ ते १९७५ मध्ये जर्मनीतल्या क्लाइसच्या कारखान्यात तो दुरुस्त झाला आणि आजही वाजतो. आपल्याकडच्या ऑर्गनांतही गरम देशांसाठी बनवलेले ओळखू येतात. सरसावर विश्वास न ठेवता सांध्यांना स्क्रू मारलेले असतात, कारण पावसाळ्यात सरस मऊ पडतो. आपल्या ऑर्गनचे सांधे नुसते सरसाचे असतील तर ऑगस्टमध्ये सैल झालेलं चामडं शोधायला विसरू नका.

कुंभारीण माशीचं एक सांगतो. पाइप वाजायचा थांबला आणि स्टॉप, झडप, सगळं ठीक असेल तर तोंडातून टॉर्च मारा. मी एका तुतारीच्या पाइपातून सुपारीएवढं मातीचं घर काढलं आहे, आत अळीसकट. उंदरांसाठी विष ठेवू नका, ते हवापेटीच्या मागे जाऊन मरतात. भात्याकडे जाणारी भोकं जाळीने बुजवा.

डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास होईल. लाकूड आकसतं, बटणं ढिली वाटतात, शेजारचा सूर कण्हायला लागतो. पाटाला चीर पडली असेल तर ती तेव्हाच दिसते, म्हणून हवापेटीची तपासणी थंडीत करावी आणि तारांची मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी. मी यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात उजव्या हवापेटीच्या सगळ्या तारा काढून पुसल्या, दोन दिवस लागले. सत्तावीसपैकी अकरा तारांवर हिरवं होतं, डाव्या बाजूला तीनवर.

ऑर्गनच्या आत आता एक डबा ठेवला आहे. टॉर्च, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या, स्प्रिंगचा चिमटा, मऊ पेन्सिल, तारेचा तुकडा. बाईंना कागदाची पट्टी कशी घालायची ते शिकवलं आहे, पण ब्लोअर बंद करून भाता बसल्याशिवाय फळी उघडायची नाही हे दोनदा बजावून. यंदाच्या पहिल्या पावसानंतर वहीत एकच नोंद आहे, त्यांच्या अक्षरातली : ‘१४ जून, वरचा कळफलक, पांढरी तीन, कागदाने गेला.’ पांढरी तीन म्हणजे डावी बाजू. पुढच्या खेपेला तिकडची तारही काढून बघणार आहे.